पाणी काढायचा सेल्फ आणि स्पार्क बघायचा सेल्फ: चिपळूणच्या पुरानंतरचं एक प्रकरण

पुरात बुडालेल्या एका पेट्रोल हॅचबॅकच्या इंजिनातलं पाणी काढताना झालेल्या अपघाताचं हे प्रकरण आहे. स्पार्क प्लगच्या भोकांतून उडालेल्या फवाऱ्याने पेट घेतला आणि एकोणीस वर्षांच्या हेल्परचा उजवा हात, गाल आणि भुवया भाजल्या. पोरगा वाचला, हातही धड राहिला. गॅरेजचं, माणसांचं आणि गाडीच्या कंपनीचं नाव इथे दिलेलं नाही. काम करायची जी पद्धत होती ती कुठल्याही तालुक्याच्या गावी, कुठल्याही पत्र्याच्या शेडमध्ये तीच असते.

अपघातानंतर तिथे जमलेल्यांनी दोन शब्दांत निकाल लावला: "पेट्रोल होतं, पेटलं." हे खोटं नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. त्याच इंजिनावर, त्याच माणसांनी, थोड्याच वेळापूर्वी एकदा सेल्फ मारला होता, म्हणजे किल्ली मारून स्टार्टरने इंजिन फिरवलं होतं, आणि तेव्हा काहीही झालं नव्हतं. पहिल्या वेळी का नाही पेटलं, हा प्रश्न घेऊन बसलं की प्रकरण उलगडायला लागतं.

पाणी कुठवर आलं होतं

२१ जुलै २०२१ च्या रात्री पाऊस थांबेचना आणि २२ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही शहरात शिरल्या. चिपळूणकरांना पूर नवा नाही. २६ जुलै २००५ चं पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा लोकांनी भिंतींवर जपल्या होत्या. या वेळी अनेक ठिकाणी पाणी त्याही वर गेलं. एसटीचे आगार व्यवस्थापक रोकड घेऊन बसच्या टपावर बसून राहिले, ही बातमी तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने वाचली. बाजारपेठेत दुकानं गेली, घरांत कमरेएवढा गाळ बसला, आणि गल्लीबोळांत लावलेल्या गाड्या जिथे होत्या तिथे बुडाल्या.

गॅरेजंही बुडाली, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. या प्रकरणातल्या गॅरेजचा कॉम्प्रेसर पाण्यात गेला होता, बॅटरी चार्जर गेला होता, पान्यांच्या पेट्या गाळाने भरल्या होत्या. भिंतीवरचा अग्निशामक सिलिंडर कुठेतरी वाहून कोपऱ्यात पडला होता, नोझलमध्ये चिखल. वीज नव्हती. वरून पाऊस चालूच, म्हणून शेडच्या तोंडाशी निळी ताडपत्री खाली ओढून बांधली होती. आणि दारात गाड्यांची रांग. बहुतेक गाड्या दोरीने ओढत आणलेल्या, प्रत्येकीचा मालक सोबत उभा.

त्यातल्या एका मालकाची ही गाडी. बाराशे सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, इंजेक्शनचं, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं, प्रत्येक प्लगवर ठिणगीची वीज देणारी स्वतंत्र कॉइल. पाणी सीटपर्यंत चढलं होतं. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बोनेटमध्ये उंचावर असल्यामुळे वाचला होता. मालकांचं बाजारपेठेत दुकान, तेही गेलेलं. मिस्त्रीने विचारलं, "काका, पाण्यात सेल्फ मारला होतात काय?" काका म्हणाले, "छे, गाडी बंदच होती." हे उत्तर लक्षात ठेवायचं. त्याकडे शेवटी यायचं आहे.

पहिला सेल्फ

मिस्त्रीने सुरुवात नीट केली होती. डिपस्टिक ओढली, तर ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं. चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीचा, नट खोलून ऑइल आणि पाणी काढून टाकलं. एअर फिल्टरचा डबा उघडला, फिल्टर लगद्यासारखा झाला होता, तो काढला. मग चारही कॉइल उपसल्या, चारही प्लग काढले. कॉइल ओल्या होत्या म्हणून हेल्परने त्या पुसून फळीवर सुकत ठेवल्या.

प्लग का काढायचे, हे गाडीवाल्यांनाही समजून घेण्यासारखं आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा इंजिनात एका सिलिंडरचं माप साधारण ३०० सीसी आणि पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३० सीसीच्या आसपास. म्हणजे अर्ध्या कटिंग चहाएवढं पाणी सिलिंडरमध्ये असलं तरी पिस्टन वर यायला जागाच राहत नाही. सेल्फ मारला की इंजिन 'ठक' करून अडतं. इंजिन चालू असताना पाणी ओढलं गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकतो. प्लग काढले की पाण्याला भोकातून वाट मिळते.

चार्जर नव्हता म्हणून शेजारच्या जीपची बॅटरी जंपर वायर लावून जोडली. गॅरेजात माणसं कमी, म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर काकाच बसले. किल्ली फिरवली, मागच्या सीटखालून 'घूं' असा आवाज आला. मिस्त्री खूश: "पंप वाचला म्हणजे." हेल्परने बोनेटमधून ओरडून सांगितलं, "मारा काका!" इंजिन फिरलं, आणि तपकिरी पाण्याचे फवारे ताडपत्रीपर्यंत उडाले. बघ्यांनी शिट्ट्या मारल्या. दोनतीनदा मारल्यावर फवारा बारीक झाला.

कुणालाही इजा झाली नाही. खरं तर धोक्याची पहिली खूण याच वेळी वाजून गेली होती. तो 'घूं' आवाज म्हणजे टाकीतला पंप रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, पेट्रोल भरत होता. किल्ली चालू केली की तो दोनतीन सेकंद चालतो आणि रेलमध्ये तीनचार बार दाब तयार करतो. इंजिन फिरायला लागलं की क्रँक सेन्सरचा सिग्नल ईसीयूला जातो. ईसीयूला प्लग काढलेत हे ठाऊक नसतं, तो इंजेक्टर उघडतो. म्हणजे पाण्यासोबत चारही सिलिंडरमधून पेट्रोलही बाहेर पडत होतं. पाण्याच्या फवाऱ्यात ते दिसलं नाही, आणि सगळीकडे आधीच वास असल्याने नाकालाही कळलं नाही.

पेटलं नाही याचं कारण एकच: कॉइल फळीवर सुकत पडल्या होत्या. तो खबरदारीचा भाग नव्हता, योगायोग होता. पण बघणाऱ्यांच्या डोक्यात "असं केलं तरी चालतं" एवढंच बसलं.

दुसरा सेल्फ

मधल्या वेळात दोन गोष्टी झाल्या.

सिलिंडरमध्ये अजून बारीक गाळ असणार म्हणून हेल्परने कोल्ड्रिंकच्या बाटलीतून प्रत्येक भोकात थोडं थोडं पेट्रोल ओतलं. ही रीत आमच्याकडे सर्रास आहे. डिझेल ओता, इंजिन ऑइल ओता, गंज धरू नये म्हणून ते ओततातच आणि ओतावंही. पण पेट्रोल हातात पटकन येतं, झटकन उडून जातं, म्हणून लोकांना ते 'स्वच्छ' वाटतं. ते झटकन उडतं हाच तर सगळा घोटाळा.

दुसरी गोष्ट वायरिंगवाल्याने केली. त्याच्यापुढे आणखी गाड्या उभ्या होत्या. तो म्हणाला, "पाणी काढतायच तर स्पार्क पण बघून घेऊ, परत परत कशाला." त्याने प्लग कॉइलमध्ये खोचले, कनेक्टर जोडले आणि चारही जोड्या इंजिनच्या हेडवर, म्हणजे सिलिंडरवरच्या धातूच्या झाकणावर, आडव्या ठेवल्या, ज्या भोकांतून पाणी उडणार होतं त्यांच्यापासून वीतभर अंतरावर. हेडवर ठेवले म्हणजे प्लगला अर्थिंग मिळतं आणि स्पार्क दिसतो. आमच्या पिढीतल्या प्रत्येक मिस्त्रीने हे असंच शिकून घेतलंय.

हेल्पर वाकून बघत होता. कुठल्या सिलिंडरमधून अजून पाणी येतंय हे त्याला मिस्त्रीला सांगायचं होतं. तो मागे वळून म्हणाला, "दादा, मारू काय सांगू?" मिस्त्री तेव्हा पलीकडच्या गाडीच्या मालकाशी बोलत होता. सीटवर बसलेल्या काकांना त्यातला 'मारू' एवढाच शब्द ऐकू आला. त्यांनी किल्ली मारली.

सेल्फने इंजिन मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला तीनेक वेळा प्रत्येक पिस्टन वर येतो आणि दर वेळी भोकातून फवारा. 'भप्प' असा आवाज झाला आणि बोनेटच्या आत पिवळा लोळ उठला.

आग

पहिला भडका क्षणाचाच होता. पोराच्या पापण्या आणि भुवया त्यात गेल्या. हात जास्त भाजला तो टी-शर्टमुळे. त्याचे कपडे पुरात गेले होते. मदतीच्या गठ्ठ्यातून मिळालेला लांब बाह्यांचा पॉलिस्टरचा टी-शर्ट अंगात होता. पॉलिस्टर जळता जळता वितळतं आणि कातडीला चिकटतं. सुती सदरा असता तर जखम बरीच उथळ राहिली असती, असं ड्रेसिंग करणाऱ्या डॉक्टरांनीही सांगितलं.

काकांनी घाबरून किल्ली बंद केली, हे त्यांच्या हातून फार चांगलं झालं. पंप आणि इंजेक्टर दोन्ही थांबले. पण हेडवर आणि खाली पडलेलं पेट्रोल जळतच होतं. कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगत पाण्याबरोबर पुढे सरकलं आणि ज्वाळा बंपरखालून बाहेर आल्या. मिस्त्रीने जंपरची पकड ओढून काढली. मग रांगेतल्या एका रिक्षावाल्याला सुचलं. शेडमधून उपसून बाहेर ढीग केलेला गाळ त्याने फावड्याने इंजिनावर टाकला. दुसऱ्याने ओलं गोणपाट टाकलं. तीन-चार फावड्यांत आग दबली.

त्यानंतरचा गोंधळ आगीपेक्षा लांबला. एकाने टूथपेस्ट आणली आणि हातावर फासलीही. शेजारच्या बाई ओरडल्या म्हणून ती धुतली गेली. भाजल्यावर वाहतं, गार, स्वच्छ पाणी वीस मिनिटं, हे पुस्तकात लिहायला सोपं आहे. सगळं गाव पाण्याने उद्ध्वस्त झालेलं असताना स्वच्छ पाण्याचा नळ मात्र एकालाही नव्हता. शेवटी मदतीत आलेला पिण्याच्या पाण्याचा जार उघडून त्याची तोटी बारीक सोडली आणि हात तिच्याखाली धरला. वीस लिटरचा जार बारीक धारेवर वीस मिनिटं पुरतो. चिकटलेलं कापड ओढून काढायचं नाही, एवढं शहाणपण कुणीतरी दाखवलं. बोटातली अंगठी सूज यायच्या आत काढली. रुग्णालयात धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. गाळात काम करणाऱ्यांना लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असतेच, त्यात उघडी जखम, म्हणून डॉक्सिसायक्लिन या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांनी बजावलं. पुरानंतर गॅरेजात काम करणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यायला हवी. गमबूट नसतील तर निदान पायावरच्या जखमा झाकून घ्या.

कुठलं पेट्रोल, कुठली ठिणगी

नंतर वाद झाला तो यावर. मिस्त्री हेल्परवर चिडला: "तू ओतलंस म्हणून पेटलं." वायरिंगवाला म्हणाला, जंपरची पकड हलली असेल. दोघांचंही म्हणणं तपासून बघू.

ओतलेल्या पेट्रोलने आग मोठी केली, हे नक्की. पण ते ओतलं नसतं तरी इंजेक्टर फवारतच होते. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली की पेटायला पुरते. आणि ती हवेपेक्षा तीनचार पट जड असते; वर उडून न जाता बोनेटच्या खळग्यात साचते. तिन्ही बाजूंनी पत्रा, समोर खाली ओढलेली ताडपत्री, वारा शून्य. पहिल्या सेल्फपासूनच तिथे वाफ साठत होती.

ठिणगीचं उत्तर गाडीनेच दिलं. दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलचं रबर आणि प्लगची चिनीमाती सर्वांत जास्त काळवंडली होती. जंपरच्या बाजूचं वायरिंग तुलनेने कोरं. पेट्रोलची वाफ पेटवायला लागते त्याच्या साधारण शंभरपट ऊर्जा प्लगच्या ठिणगीत असते. तिचं कामच ते आहे. अशा चार ठिणग्या फवाऱ्यासमोर मांडून ठेवल्यावर जंपरला दोष देण्यात अर्थ नाही. जंपर निर्दोष होता असंही नाही: शेवटची पकड बॅटरीच्या निगेटिव्हला न लावता दूर इंजिनच्या उघड्या धातूला लावायची असते, ती तशी लावलेली नव्हती. पण या वेळी आग तिने लावली नाही.

म्हणून माझं मत असं की दोष पेट्रोल ओतण्यापेक्षा दोन कामं एका सेल्फमध्ये उरकण्याचा जास्त. पाणी काढताना ठिणगी कुठेच नको. स्पार्क बघताना इंधन कुठेच नको. ही दोन कामं कितीही घाई असली तरी एकत्र बसत नाहीत.

जुन्या गाड्यांची शिकवण

वायरिंगवाल्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण त्याची पद्धत ज्या गाड्यांवर घडली त्या कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे कॉइलची वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या भागाच्या. तिथे कॉइल एकच. तिची मधली जाड वायर उपटली की चारही प्लग मेले. पेट्रोलचा पंप इंजिनवर चालणारा, किल्ली चालू करून रेलमध्ये दाब वगैरे काही नाही. अशा गाडीत एक प्लग बॉडीला टेकवून स्पार्क बघताना बाकीचे तीन जागच्या जागी घट्ट असत. धोका होता, पण एका भोकापुरता.

२००० च्या आसपास आपल्याकडे मोटारींत इंजेक्शन सर्रास झालं, मग प्रत्येक प्लगला कॉइल आली. गाडी बदलली, 'प्लग काढ, सेल्फ मार, स्पार्क बघ' हा क्रम तोच राहिला. आता पाणी काढायचं तर चारही कॉइलचे कनेक्टर सुटे हवेत आणि चारही इंजेक्टरचेही. नुसता पंपाचा फ्यूज काढला तरी रेलमध्ये उरलेला दाब असतोच. फ्यूज काढून इंजेक्टरही सोडवले म्हणजे खात्री. बऱ्याच गाड्यांत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की ईसीयू पेट्रोल तोडतो. इंजिन 'फ्लड' झालं, म्हणजे पेट्रोलनेच भिजलं, तर ही युक्ती चालते; पण सगळ्या गाड्यांत ती सारखी नसते, तिच्या भरवशावर कुणाचं तोंड प्लगच्या भोकावर आणू नये. भोकांवर जाड फडकं, बोनेटसमोर कुणी नाही, आणि किल्ली ज्याने बोलावं त्याच्याच हातात. 'मारू काय' आणि 'मारा' हे दोन शब्द सेल्फच्या बाबतीत फारच जवळचे आहेत.

डिझेलवाल्यांनी आपण सुटलो असं समजू नये. तिथे प्लगची ठिणगी नाही, पण कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब हजार बारच्या वर सहज जातो. पाणी गेलंय का बघायला नळीचा नट ढिला करून बोट लावणारे महाभाग मी पाहिलेत. त्या दाबाचं डिझेल कातडीतून सुईसारखं आत शिरतं; बाहेर टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि आत बोट सडायला लागतं. ते लगेच शस्त्रक्रियेचं प्रकरण असतं, "बँडेज लाव" म्हणण्याचं नाही.

काकांचं उत्तर

इंजिन नंतर उघडलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा रॉड वाकलेला निघाला. बंद उभ्या गाडीत पाणी शिरून रॉड वाकत नाही. मग काकांनी सांगितलं: पहाटे पाणी गल्लीत आलं तेव्हा त्यांनी गाडी चालू करून चढावर न्यायचा प्रयत्न केला होता. गुडघ्यावर पाण्यात ती 'ठक' करून बंद पडली. मग ती तिथेच सोडून ते माडीवर गेले.

आधी का नाही सांगितलं? विम्यापायी. पाण्यात गाडी चालवल्याने किंवा सेल्फ मारल्याने इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत तो परिणामी बिघाड म्हणून नाकारला जाण्याची भीती असते. इंजिनासाठी वेगळं संरक्षण घेतलेलं असेल तरच गोष्ट निराळी. काकांचं ते नव्हतं. रांगेत कुणीतरी सांगितलं होतं, "चालू केली होती असं बोलू नका." विम्याच्या सर्व्हेअरला द्यायचं उत्तर त्यांनी मिस्त्रीलाही दिलं. दुकान गेलेल्या माणसाला यात फार दोष द्यावासा मला वाटत नाही. पण मिस्त्रीला खरं कळलं असतं तर त्याने किल्लीला हातच लावला नसता.

कारण रॉड वाकल्याचा संशय असेल तर पहिलं काम पान्याचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची, प्लग काढायचे आणि क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं. पाणी तसंही बाहेर येतं. खाली उरलेलं बारीक नळी लावलेल्या सिरिंजने ओढता येतं. मग बांबूची बारीक कामटी एकेका भोकात सोडायची आणि पिस्टन सर्वांत वर आला की तिच्यावर खूण करायची. चारही खुणा सारख्या आल्या पाहिजेत. एखाद्या भोकात कामटी दोनचार मिलिमीटर जास्त खाली गेली, तर तो रॉड गेला. पंधरावीस मिनिटांचं काम, वीज लागत नाही, ठिणगी नाही, पंपही फिरत नाही. या गाडीत तिसऱ्या भोकात कामटी जास्त खाली गेली असती, इंजिन उतरवायचं ठरलं असतं, आणि ना पहिला सेल्फ मारायची गरज पडली असती ना दुसरा.